पर्माकल्चर डिझाइनची पदविका: अटी, टप्पे आणि दहा आराखड्यांची नोंदवही

पर्माकल्चर म्हणजे निसर्गाच्या रचनेवरून शिकून शेती, पाणी, घर आणि माणसांची कामे टिकाऊ रीतीने आखण्याची पद्धत. पर्माकल्चर डिझाइनमधील पदविका परीक्षा देऊन मिळत नाही. ती केलेल्या कामाच्या नोंदींवर मिळते. ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतली, तर पुढची दोन-तीन वर्षे कशी वापरायची हे ठरवणे सोपे जाते. ती लक्षात घेतली नाही, तर जमिनीवर उत्तम काम उभे राहूनही हातात दाखवण्यासारखे काही उरत नाही. प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून उत्साहाने घरी परतलेले, चर खणलेले, झाडे लावलेले आणि दोन पावसाळे उलटल्यावर ‘आता डिप्लोमा करावा’ म्हणून कागदपत्रे शोधू लागलेले अनेक जण मला भेटले आहेत. त्यांच्या शेतात झाडे असतात, पण ती तिथेच का लावली याची एकही ओळ लिहिलेली नसते. म्हणून या लेखात अटींइतकाच भर नोंदींवर दिला आहे.

या पदविकेचा उगम ऑस्ट्रेलियातला आहे. तास्मानियात बिल मॉलिसन आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ही विचारपद्धती मांडली आणि १९७८ साली त्यांचे पहिले पुस्तक आले. मॉलिसन यांनी शिकवण्याची जी रीत घातली ती साधी होती: आधी ७२ तासांचा अभ्यासक्रम, मग किमान दोन वर्षे प्रत्यक्ष काम, आणि त्या कामाच्या आधारावर पदविका. काम शेतीचेच असले पाहिजे असाही आग्रह नव्हता; शिक्षण, प्रसारमाध्यमे, बांधकाम, संशोधन किंवा सामाजिक सेवा या क्षेत्रांतील कामही त्यात धरले जाई. आज निरनिराळ्या देशांतील संस्था आपापल्या नियमांनी ही पदविका देतात, पण बहुतेकांचा सांगाडा हाच आहे.

पहिली अट: ७२ तासांचा अभ्यासक्रम

पर्माकल्चर डिझाइन सर्टिफिकेट, म्हणजे सगळे ज्याला पीडीसी म्हणतात तो अभ्यासक्रम, पूर्ण केल्याशिवाय पदविकेसाठी नोंदणी होत नाही. त्याचा पाया मॉलिसन यांच्या १९८८ सालच्या ‘पर्माकल्चर: अ डिझायनर्स मॅन्युअल’ या ग्रंथाच्या चौदा प्रकरणांवर आहे. त्यांत डिझाइनच्या पद्धती, निसर्गातील आकृतिबंध, हवामान, झाडे, पाणी, माती, मातीकाम, दमट उष्ण प्रदेश, कोरडवाहू प्रदेश, थंड प्रदेश, जलशेती आणि शेवटी समाज व अर्थव्यवस्थेची पर्यायी रचना असा क्रम आहे. अभ्यासक्रमाच्या अखेरीस गटाने मिळून एखाद्या खऱ्या जागेचा आराखडा करून तो सर्वांपुढे मांडायचा असतो.

भारतात हे शिक्षण १९८७ साली आले. मॉलिसन यांनी त्या वर्षी हैदराबाद परिसरात अभ्यासक्रम घेतला. पुढे जहीराबादजवळच्या कोरडवाहू भागात या पद्धतीची शेते उभी राहिली आणि नरसन्ना कोप्पुला यांच्या पुढाकाराने १९९९ साली ‘अरण्य’ ही संस्था स्थापन झाली. २०१७ साली आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर परिषद हैदराबादेत भरली. सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावरच जहीराबाद लागते, तेव्हा मराठवाडा-सोलापूरकडच्या शेतकऱ्याला तिथला पाऊस, तिथली माती आणि ज्वारी-तुरीचे पीक परके वाटणार नाही. अभ्यासक्रम निवडताना हा मुद्दा महत्त्वाचा आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या रम्य जागेत, नारळीच्या सावलीत शिकलेले पाण्याचे धडे बीडच्या माळावर जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. शक्य असेल तर आपल्यासारख्या हवामानाच्या प्रदेशात शिकावे.

नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: पूर्ण ७२ तास शिकवले जाते का, शिक्षकाने स्वतः पदविका घेतली आहे का, आणि ज्या संस्थेची पदविका तुम्हाला पुढे घ्यायची आहे ती हे प्रमाणपत्र ग्राह्य धरते का. ‘पर्माकल्चरची ओळख’ या नावाने दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा होतात. त्या चांगल्या असू शकतात, पण त्यांच्या प्रमाणपत्रावर पुढची पायरी चढता येत नाही.

ही पदविका कशासाठी उपयोगी आहे आणि कशासाठी नाही

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. पर्माकल्चर संस्थांची पदविका ही विद्यापीठाची पदवी नव्हे. तिच्या बळावर कृषी खात्यात नोकरी मिळेल किंवा पदव्युत्तर प्रवेश होईल असे समजू नये. ऑस्ट्रेलियात मात्र तेथील राष्ट्रीय पात्रता चौकटीत बसणारे, शासनमान्य असे पर्माकल्चरचे प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम वेगळे आहेत. तो मार्ग तिथे राहणाऱ्यांना मोकळा आहे आणि त्याचे नियम व्यावसायिक शिक्षणाच्या नियमांप्रमाणे चालतात. इतरत्र पदविकेचा उपयोग प्रामुख्याने शिकवण्यासाठी, दुसऱ्यांच्या जमिनींचे आराखडे करून देण्याचा व्यवसाय विश्वासाने करण्यासाठी आणि स्वतःचे काम शिस्तीत आणण्यासाठी होतो. माझ्या मते यांपैकी शेवटचा उपयोग सर्वांत मोठा आहे, पण नुसता त्यासाठी शुल्क भरायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे.

ब्रिटिश पद्धत: दहा आराखडे

सर्वांत नेमकेपणाने लिहिलेली पद्धत ब्रिटनच्या पर्माकल्चर असोसिएशनची आहे, म्हणून तीच नमुना म्हणून घेऊ. तिथे पीडीसीनंतर उमेदवार नोंदणी करतो, त्याला एक मार्गदर्शक ट्यूटर मिळतो आणि किमान दोन वर्षांच्या काळात त्याने दहा आराखडे पूर्ण करायचे असतात. पुष्कळांना याहून जास्त काळ लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही, कारण झाडांना आणि माणसांना वर्षे लागतातच. शेवटी संपूर्ण संग्रह तपासला जातो आणि उमेदवार आपले काम सहकाऱ्यांपुढे मांडतो.

दहा हा आकडा ऐकून लोक घाबरतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर दहा शेते येतात. तसे अपेक्षित नाही. घराची परसबाग, गच्चीवरची भाजी, न्हाणीच्या पाण्याची व्यवस्था, सोसायटीचे ओला कचरा जिरवण्याचे काम, एखाद्या शाळेचे आवार, बियाणे जपणाऱ्या महिला गटाची कामाची वाटणी, स्वतःच्या उत्पन्नाची फेररचना, असे सगळे आराखडे त्यात बसतात. पहिला आराखडा बहुतेक जण स्वतःच्या शिकण्याचाच करतात: कोणती कौशल्ये आहेत, कोणती कमी आहेत, कोणत्या महिन्यात काय करायचे. तो लहान असतो, पण त्यामुळे ट्यूटरशी बोलण्याची भाषा जुळते. अट इतकीच की दहांमध्ये वैविध्य असावे, जमिनीचे आणि माणसांचे दोन्ही प्रकार असावेत, आणि त्यांतले काही आराखडे कागदावर न राहता प्रत्यक्षात उतरलेले असावेत. दहाही परसबागाच निवडल्या, तर ट्यूटर तिसऱ्या-चौथ्यालाच थांबवेल.

सुरुवात लहान आराखड्याने करावी. पाच एकरांचे शेत पहिल्यालाच घेणारे उमेदवार नकाशातच अडकून पडतात.

एका आराखड्यात काय काय असावे लागते

आराखडा म्हणजे रंगवलेले चित्र नव्हे. विचार कसा झाला याचा पुरावा त्यात असावा लागतो. त्यासाठी एखादी ठरलेली कार्यपद्धती वापरण्याचा आग्रह असतो. एका पद्धतीत निरीक्षण, सीमा, साधनसंपत्ती, मूल्यमापन, रचना, अंमलबजावणी आणि देखभाल असा क्रम आहे. दुसरीत पाहणी, विश्लेषण, रचना, अंमलबजावणी, देखभाल, मूल्यमापन आणि दुरुस्ती असा. कोणतीही घ्या, पण दहा आराखड्यांत एकच पद्धत न वापरता दोन-तीन वापरून पाहा आणि कोणती कुठे तोकडी पडली हे लिहा.

आता एक आराखडा जवळून पाहू. पुरंदर तालुक्यातील एका परिचितांच्या दीड एकर उताराच्या मुरमाड जमिनीचे काम मी माझ्या संग्रहासाठी घेतले होते. कागदपत्रांत पहिली अडचण आली ती नकाशाची. सातबाऱ्यावर क्षेत्र कळते, आकार कळत नाही. आकारासाठी मोजणीची क प्रत लागते, आणि तीवरही उतार नसतो. त्यामुळे क प्रतीवरून १:२०० या प्रमाणात मूळ नकाशा मोठ्या कागदावर काढला, त्यावर उत्तर दिशा आणि मापपट्टी घातली आणि उतार स्वतः मोजला. उतार मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सुमारे दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी काठी बांधायची आणि शेंड्यावरून गवंड्याचा ओळंबा सोडायचा. दोरी आडव्या काठीवर कुठे टेकते तिथे खूण करायची, मग चौकट उलटी फिरवून, म्हणजे पाय अदलाबदल करून, दुसरी खूण करायची. दोन्ही खुणांचा मध्य ही पाणसळ. दोरी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय समपातळीत आहेत. अशी चौकट चालवत चुन्याच्या फक्क्यांनी समपातळीची रेघ ओढायला आम्हाला एक सकाळ लागली.

नंतर पाण्याचा हिशेब. तिथे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर दीड एकरावर, म्हणजे सुमारे ६,०७० चौरस मीटरवर, वर्षभरात तीस लाख लिटरांहून थोडे अधिक पाणी पडते. हा आकडा ऐकून मालक हसले, कारण विहीर मार्चमध्ये कोरडी पडते. पण आराखड्यात असा आकडा लिहिला की चर्चा ‘पाणी नाही’ इथून ‘पाणी जाते कुठे’ इथे सरकते, आणि हा बदल परीक्षकालाही दिसतो.

आम्ही ४० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर खोल असा एक समपातळी चर खणला. त्यात १२,००० लिटर पाणी मावते. वरच्या बाजूला सुमारे १,००० चौरस मीटर उघडा उतार होता. ऑगस्टमध्ये एका रात्री ६० मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या उतारावर त्या रात्री ६०,००० लिटर पाणी पडले. त्यातले चाळीस टक्के वाहून खाली आले असे धरले तरी २४,००० लिटर. चर भरला आणि पाण्याने सर्वांत कच्च्या जागेवरून, म्हणजे नुकत्याच टाकलेल्या मातीच्या बांधावरून वाट काढली. सकाळी पाहिले तर बांधाला दीड हात भगदाड पडले होते आणि खालच्या तुरीच्या चार ओळी मातीखाली गेल्या होत्या. सांडवा, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर पडायची पक्की वाट, ठेवायचा मी विसरलो होतो. गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याने चर पाहताक्षणी हे सांगितले असते. मी कोणाला विचारले नाही.

हे सगळे मी आराखड्यात लिहिले: हिशेब, भगदाडाचा फोटो, नंतर कठीण खडक जिथे वर आला होता तिथे दगड रचून केलेला सांडवा आणि पुढच्या वर्षीचे निरीक्षण. ट्यूटरने दहा आराखड्यांपैकी सर्वाधिक वेळ यावरच घालवला. सुंदर चित्रांच्या दोन आराखड्यांवर त्यांनी एक-एक ओळ लिहून परत पाठवले होते.

तत्त्वे कुठे आणि कशी दाखवायची

पर्माकल्चरची तीन नैतिक सूत्रे म्हणजे भूमीची काळजी, माणसांची काळजी आणि न्याय्य वाटा. होल्मग्रेन यांनी २००२ साली बारा तत्त्वे मांडली. उमेदवार बहुधा प्रत्येक आराखड्याच्या शेवटी या बारांची यादी देऊन प्रत्येकापुढे एक वाक्य जोडतात. याचा उपयोग होत नाही. त्याऐवजी निर्णयाच्या जागीच तत्त्व दाखवावे. न्हाणीचे पाणी मोजून पाहिले तेव्हा चार माणसांच्या घरात दिवसाला १६० लिटर निघाले, म्हणून तिथे पाच केळी आणि अळू लावले, असे लिहिले की टाकाऊ काही नसते हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडे न्हाणीच्या मोरीपाशी केळ, अळू आणि कर्दळ लावण्याची रीत जुनीच आहे. ती रीत नोंदवावी, पण ‘आजीला हे सगळे ठाऊक होते’ एवढ्यावर न थांबता साबणाच्या पाण्याने आज काय बदलले आहे हेही तपासावे.

झोन आणि सेक्टर ही दोन साधने जवळजवळ प्रत्येक जमिनीच्या आराखड्यात लागतात. झोन म्हणजे घरापासूनच्या येण्याजाण्यानुसार जागेचे पट्टे: शून्य म्हणजे घर, एक म्हणजे रोज हात लागणारी जागा, आणि पाच म्हणजे निसर्गावर सोडलेली. सेक्टर म्हणजे बाहेरून येणाऱ्या शक्ती: ऊन, वारा, पाणी, वणवा, गुरे. इथे परदेशी पुस्तकांपासून सावध राहावे. थंड प्रदेशातील पुस्तके दक्षिणेकडचे ऊन घरात कसे घ्यावे हे शिकवतात. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे साडेअठरा अंश उत्तरेला, डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, पण जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो. आपल्याला अडवायचे असते ते मार्च ते मे महिन्यांतले पश्चिमेचे ऊन. ब्रिटिश पुस्तकातली, दक्षिणेचे ऊन धरून ठेवणारी अर्धवर्तुळाकार झाडी जशीच्या तशी काढलेले आराखडे मी पाहिले आहेत. ते पाहणाऱ्याला उमेदवाराने जागेवर किती वेळ घालवला हे लगेच कळते. ऊन-सावलीची नोंद स्वतः करावी: २१ जून आणि २१ डिसेंबर या दिवशी, सकाळी, दुपारी आणि सायंकाळी, घराच्या सावलीचे टोक कुठे येते तिथे खुंटी ठोकून.

मोठ्या जमिनीसाठी ऑस्ट्रेलियन अभियंता पी. ए. योमन्स यांनी १९५०च्या दशकात मांडलेला क्रम फार उपयोगी पडतो. हवामान आणि भूरूप आधी, मग पाणी, मग रस्ते, मग झाडे, मग इमारती, मग कुंपणे आणि शेवटी माती. जे बदलायला सर्वांत कठीण ते आधी ठरवायचे. फार्महाऊस आधी बांधून मग पाण्याचा विचार करणाऱ्या मालकाला हा क्रम समजावणे हाच कधीकधी आराखड्याचा मुख्य भाग असतो.

खर्च, श्रम आणि मूल्यमापन

आर्थिक बाजू टाळता येत नाही. वर सांगितलेल्या चरासाठी दोन माणसांचे चार दिवस लागले. हा आकडा, त्या वेळची मजुरी, यंत्राने केले असते तर आलेला खर्च आणि तरीही हाताने का केले याचे कारण, हे सगळे आराखड्यात आले पाहिजे. स्वतःचे तासही मोजावेत. पहिल्या आराखड्यात मी माझे तास धरले नव्हते आणि ‘खर्च जवळजवळ शून्य’ असे लिहिले होते. ट्यूटरने विचारले की शेजारच्या शेतकऱ्याने हेच करायचे ठरवले तर त्याचे किती दिवस मोडतील. उत्तर देता आले नाही.

मूल्यमापन किमान एका पूर्ण ऋतुचक्रानंतरच करावे, आणि त्यात मूळ उद्दिष्टांची ओळ न ओळ तपासावी. तूर किती किलो आली, किती रोपे मेली, गुरांनी कोणत्या बाजूने प्रवेश केला, मालकाने तुमच्या आराखड्यातील कोणता भाग सरळ बाजूला ठेवला. शेवटचा मुद्दा विशेष लिहावा, कारण न वापरला गेलेला भाग बहुतेक वेळा तुमच्या निरीक्षणातील उणीव दाखवतो.

नोंदवही

अभ्यासक्रम संपला त्याच दिवशी एक वही सुरू करावी. तारीख, पाऊस, पाहिलेले, विचारलेले, ठरवलेले आणि ठरवून बदललेले, एवढे पुरे. पावसासाठी साधे पर्जन्यमापक लावावे आणि रोज सकाळी एकाच वेळी वाचावे. फोटो नेहमी त्याच जागेवरून, त्याच दिशेला काढावेत. बांधावर एक दगड ठेवून त्यावर उभे राहण्याची सवय लावली की दोन वर्षांचे फोटो आपोआप तुलनेत बसतात. ज्यांच्या जागेवर काम करता त्यांच्याशी झालेली बोलणी त्यांच्याच शब्दांत लिहावीत आणि संग्रहात वापरण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

भाषेचा प्रश्नही येतो. परदेशी संस्थेकडे नोंदणी केली तर संग्रह इंग्रजीत द्यावा लागतो. वही मात्र मराठीतच ठेवावी असा माझा आग्रह आहे. वरकस, मळई, ताल, पाणथळ, चोपण या शब्दांत जमिनीविषयी जे कळते ते भाषांतर करताना विस्ताराने सांगता येते, पण आधीच इंग्रजीत लिहिले तर ते नोंदले जातच नाही.

वेळेची आखणी

पहिल्या सहा महिन्यांत शिकण्याचा आराखडा आणि घराजवळचे दोन लहान आराखडे संपवावेत. जमिनीचे मोठे काम घ्यायचे असेल तर निरीक्षण उन्हाळ्यात सुरू करून एक पूर्ण पावसाळा नुसता पाहावा. आषाढात पाणी कुठून धावते हे न पाहता वैशाखात आखलेला चर चुकण्याची शक्यता जास्त. त्या काळात लोकांशी संबंधित आराखडे हाती घ्यावेत, म्हणजे वेळ वाया जात नाही. तीन-चार आराखडे झाले की ट्यूटरकडून एकदा सगळ्यांचा एकत्रित आढावा घ्यावा आणि कोणते कौशल्य अजून दिसलेले नाही हे विचारून पुढचे विषय ठरवावेत. प्रत्येक आराखडा संपल्यावर महिन्याभरात लिहून काढावा. दहाही शेवटी एकदम लिहू असे म्हणणाऱ्यांपैकी फारच थोडे सादरीकरणापर्यंत पोहोचतात.

सादरीकरणात दहाही आराखडे सांगायचे नसतात. दोन वर्षांत तुमची पाहण्याची पद्धत कशी बदलली हे दोन किंवा तीन कामांच्या आधारे दाखवायचे असते. नकाशे भिंतीवर लावावेत आणि मूळ वही टेबलावर उघडी ठेवावी, पावसाने फुगलेली पाने आणि खोडलेल्या ओळींसकट. माझ्या वेळी पहिला प्रश्न त्या वहीतल्या ऑगस्टच्या पानावरच आला: सांडवा आता कुठे आहे, आणि या वर्षी तो किती वेळा वाहिला? उत्तर वहीतच होते: पाच वेळा.